लाल फडक्यातला नारळ

सांजवात लावून झाली की मी वहीत चार ओळी लिहिते. तिथी कोणती, कुणाला बरं नाही, दुधाची गाडी वेळेवर आली का, असलंच काहीतरी. मालनबाई मात्र चार ओळींत मावत नाहीत, म्हणून हे सलग लिहून काढते आहे. लिहिता लिहिता मला काही उमगलं तर बरंच. नव्या घराचा पाया भरल्यापासून डोक्यात नुसता गुंता झालाय.

मालनबाई माझ्या थोरल्या जाऊबाई. मी त्यांना बाई म्हणते, त्या मला शीले म्हणतात. सत्यशीला एवढं लांबलचक नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही. कर्जतजवळच्या आमच्या वस्तीवर मी उंबऱ्यावरचं माप लवंडून आत आले ती थेट त्यांच्या हाताखाली. मिश्रीने काळे झालेले दात, आवाज विहिरीपलीकडे ऐकू जाईल असा, आणि हाताला असा गुण की त्यांच्याशिवाय दुसरं कुणी धारेला बसलं तर म्हैस पान्हा चोरते. त्यांना मूलबाळ नाही. माझी राजेश्वरी त्यांच्याच मांडीवर न्हाली. ती मला आई म्हणते, त्यांना मोठीआई म्हणते आणि ताप आला की मोठीआईलाच हाक मारते.

आता नारळाचं सांगते.

थोरले दीर रंगनाथदादा गेले. तेरावं झालं आणि आमच्या यांनी, म्हणजे आप्पासाहेबांनी, आणि त्यांच्या काकासाहेब मामांनी बाईंपुढे जमिनीच्या हक्कसोडीचा कागद ठेवला. "सही कर मालन. तुला काय कोन उपाशी ठेवतंय व्हय?" मामा म्हणाले. बाईंनी कागदाला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी डोक्यावरून न्हाऊन, ओल्या लुगड्याने त्या राशीनला देवीच्या दर्शनाला गेल्या. परत आल्या तेव्हा हातात लाल फडक्यात बांधलेला नारळ होता. उंबऱ्यात उभ्या राहून म्हणाल्या, "आईफुडं गाऱ्हानं बोलून आले. ज्या दिशी मला ह्या घरातनं भाईर काढाल, त्या दिशी ह्यो नारळ तिच्या पायरीवर शेंडी खाली करून फोडीन. मग ह्या घराच्या वंशाचं काय व्हतंय ते बघत बसा."

देवाला नारळ सुलटा फोडतात. उलटा फोडला की गाऱ्हाणं लागतं, असं आमच्याकडे मानतात. मी तरी मानते.

मामा हसले होते. त्याच आठवड्यात त्यांची मोटारसायकल घसरली आणि पाय मोडला. आता त्या वळणावर मुरूम सांडलेला होता आणि मामा गाडीही दामटायचे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी कागद कुठे गेला ते कुणी विचारलं नाही. मी तेव्हा पोटुशी होते. वंश म्हणजे कोण, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तेव्हापासून नारळ बाईंच्या खोलीत, पूर्वेच्या दाराशेजारी खुंटीला. कुणी त्याला हात लावला नाही. एरवी घर हसतं-खेळतं. हे तर चेष्टाही करायचे, "वयनी, भाकर जरा करपली, पर बोलत न्हाई बाबा. नारळ खुंटीलाच असू द्या."

यंदा जुनं घर पाडून स्लॅबचं बांधायचं ठरलं. कर्जतच्या इंजिनिअरने नकाशा काढला. त्यात हॉल होता, किचन होतं, बेडरूम होत्या, चार चपला मावतील एवढा पोर्चही होता. बाईंची खोली नव्हती. मी विचारलं तर हे म्हणाले, "हॉल कसला मोठा हाय! वयनी झोपतील की तिथं. खोली पायजेच कशाला?"

बाईंनी नकाशा उलटा धरूनच बघितला, पण समजायचं ते समजल्या. खोलीत गेल्या, खुंटीवरचा नारळ काढून मांडीवर घेऊन बसल्या. गवंडी वाल्मिक भिंत पाडायला आला, तो दारातूनच मागे फिरला. "आप्पा, आधी घरातलं मिटवा. मला लेकरंबाळं हायेत."

काम थांबलं. आणि नेमकं त्याच दिवसांत राजेश्वरीच्या कॉलेजातली ती स्पर्धा आली.

अभिरूप राष्ट्रसभा म्हणतात तिला. मुलं वेगवेगळ्या देशांचे प्रतिनिधी होऊन बोलतात. राजेश्वरीच्या वाट्याला आलं ते असं की एक शत्रुराष्ट्र आहे, त्याच्याकडे अण्वस्त्रं आहेत आणि ती त्याने सोडून द्यावीत म्हणून त्याचं मन वळवायचं. स्पर्धा नगरला. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण एसटीचा कंडक्टरसुद्धा नगर-नगरच ओरडतो. तयारीसाठी तिला समोर शत्रुराष्ट्र हवं होतं. मला म्हणाली, "आई, तू बस." मी बसले, तिने दोन वाक्यं टाकली आणि मी म्हटलं, "बरं बाई, देऊन टाकते." ती वैतागली. "अगं, असं लगेच नाही म्हणत कुणी!"

तेव्हा खोलीतून आवाज आला, "मी बसते."

बाई मांडीवर नारळ घेऊन खाटेवर बसलेल्या. राजेश्वरीने ओढणी सारखी केली. "आदरणीय प्रतिनिधी महोदया..."

"महोदया कोन गं?"

"तू. तू एका देशाची प्रतिनिधी आहेस."

"कंच्या?"

"शत्रुराष्ट्राच्या."

"मग नीट बोल. शत्रूला कोन आदरणीय म्हनतंय?"

भाजी निवडायचं निमित्त करून मी दारात बसले. राजेश्वरी म्हणाली, अण्वस्त्रं सोडली नाहीत तर जग तुमच्यावर निर्बंध घालील. बाईंनी अर्थ विचारला. तुमच्याशी कुणी व्यवहार करणार नाही, तेल नाही, औषध नाही.

"वाळीत टाकनार म्हन की. टाका. मी हाय त्यात भागवीन."

"पण तुमच्या देशातली माणसं उपाशी राहतील. बॉम्बवर इतका खर्च करण्यापेक्षा..."

"खर्च कसला? वर्साला एक नारळ."

राजेश्वरी थबकली. मीही. "वर्षाला? म्हणजे हा तो नाही?"

"खुळी का तू! नारळ इतकी वर्सं टिकतोय व्हय? कुजतो, कीड लागती. नवरात्रात नवा बांधते. आत नारळ कंचा का असंना, बोल त्योच हाय."

मला हे माहीतच नव्हतं. मी इतकी वर्षं ज्याला भ्यायले तो दर वर्षी आमच्याच किराणा दुकानातून येत होता. मग भीती जुनी की नवी? दुकानातल्या नारळाला देवीपुढचं बोलणं आपोआप चिकटतं का? मी देवळातल्या गुरवांना विचारलं. त्यांनी हळदीची बोटं पुसली आणि म्हणाले, "ताई, हे तुमी मला विचारलंच न्हाई असं समजा."

दुसऱ्या दिवशी राजेश्वरीने पुन्हा मांडामांड केली. यावेळी ती प्रतिनिधीसारखी बोलत नव्हती. "मोठीआई, एक विचारू? तू तो फोडलास तर ते लागणार कुणाला?"

बाईंनी नारळ एका मांडीवरून दुसरीवर घेतला.

"सांग ना. वंश म्हणजे या घरात मीच आहे."

"तुलाच की," बाई म्हणाल्या.

"मग फोडशील?"

 बाई तोंड फिरवून म्हणाल्या, "न्हाई म्हनले तर त्याचा उपेग काय? मग खुंटीला नुसती चटनीच टांगल्यावानी हाय."

राजेश्वरीने वहीत काहीतरी लिहिलं. माझ्या हातातली गवार निम्मी खाली सांडली. मला बाईंचा राग आला, आणि त्याच क्षणी असंही वाटलं की त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. टीव्हीवर ज्या देशाला सगळे शिव्या देतात, तिथेही एखादी बाई देवापुढे दिवा लावून असंच काही मागत असेल का? असं मनात आलं. शत्रूच्या देवघराचा विचार करावा की करू नये?

रात्रीच्या जेवणाला हे आणि बाई समोरासमोर आले. हे म्हणाले, "नारळ द्या, मी नकाशात खोली काढून घेतो."

"आधी खोली काढा, मग नारळ देते."

"म्हंजी माझ्यावर भरवसा न्हाई?"

"तुमचा माझ्यावर हाय का?"

राजेश्वरी घास हातात धरून म्हणाली, "इथंच तर अडतंय सगळं! आमच्या विषयातही हेच आहे. आधी कुणी सोडायचं? म्हणून मध्ये तिसरा लागतो. वस्तू त्याच्याकडे ठेवायची."

तिसरा कोण? गुरवांनी आधीच हात झटकले होते. काकासाहेब मामांचं नाव निघाल्यावर बाई एवढ्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मग त्यांनी बोट माझ्याकडे केलं. "शीलीकडं ठेवते. तिच्या देवघरात. ती कुनाचीच न्हाई."

कुणाचीच नाही, म्हणजे काय? ते ऐकून हे मान डोलावत होते, म्हणजे त्यांनाही ते पटलं होतं. ही शाबासकी होती की टोमणा, ते मला अजून कळलेलं नाही. ठरलं ते असं. नारळ माझ्याकडे राहील. बाई खोली रिकामी करतील. नवं घर उभं राहून, त्यात बाईंची खोली होऊन, ग्रामपंचायतीत घराला त्यांचंही नाव लागलं की नारळ सुलटा करून देवीला वाहायचा. हे म्हणाले, "काढू की खोली." काढू की, एवढंच.

भिंती पडल्या. मागची माझी खोली, देवघर आणि चूल तेवढी नवं घर होईपर्यंत ठेवली. बाई माझ्या खोलीत झोपायला आल्या, हे बाहेर पत्र्याखाली. राजेश्वरी नगरला जाऊन आली. आम्ही दोघी विचारायला धावलो.

"जिंकलो," ती पडलेल्या तोंडाने म्हणाली. "म्हणजे शत्रुराष्ट्राने सगळी अण्वस्त्रं सोडली."

"मग तोंड का असं?"

"अगं, मी आत्ता कुठे भरवशाच्या मुद्द्यावर येत होते. समोरची मुलगी जामखेडची. म्हणाली, आम्हाला मान्य आहे, सही कुठे करू, आमची शेवटची गाडी चुकेल."

बाई खाटेवर आडव्या होऊन हसल्या. "बघ, तिला घरी जायला गाडी व्हती."

पायाभरणीचा दिवस मंगळवारी आला. मंगळवारी मी देवघर लख्ख करते, देव चिंचेने घासते. बाईंच्या नारळाचं फडकं मला आल्यापासून खुपत होतं. तेलकट, धुळीने माखलेलं. असलं फडकं देवापुढे कसं ठेवायचं? नारळाला तर मी धक्का लावणार नव्हते. मी फक्त फडकं सोडलं, धुतलं आणि दोरीवर वाळत घातलं. नारळ पाटावर ठेवला. शेजारी पूजेचा दुसरा नारळ कलशावर मांडून ठेवला होता. मनात होतं, फडकं वाळलं की पुन्हा बांधू.

मग पुरण शिजायला टाकलं आणि मी चुलीपाशी अडकले. बाहेर गुरवांनी मंत्र म्हटले, दगडाला हळदकुंकू लावलं. वाल्मिक पाय धुऊन आत आला. "वयनी, नारळ द्या."

"देवघरातला घे रे," मी पाठमोरीच म्हणाले.

आता कलशावरचा नारळ मांडलेला असतो, त्याला कुणी कसं उचलील? वाल्मिक शहाणा माणूस. त्याने पाटावरचा सुटा उचलला. शेंडी वर करून पायाच्या दगडावर फोडला, पाणी खड्ड्यात शिंपडलं आणि मोठ्याने म्हणाला, "घर सुखाचं होऊ दे!" खोबऱ्याचे तुकडे केले, त्यात साखर घातली आणि वाटायला निघाला.

मी बाहेर आले तेव्हा सगळे खात होते. गुरव, मजूर, हे. बाईंच्या तळहातावर अर्धा तुकडा, अर्धा तोंडात. "लई गोड निघाला," वाल्मिक मला देत म्हणाला. मीही तोंडात टाकला.

बाईंचं लक्ष दोरीकडे गेलं. लाल फडकं वाऱ्यावर हलत होतं, मोकळं.

"शीले, माझा कुठंय?"

मी देवघरात जाऊन आले. पाट रिकामा, कलशावरचा तेवढा जागेवर.  माझं तोंड बघूनच यांनी चावणं थांबवलं. गालात खोबरं तसंच. प्रसाद, थुंकता येईना. आणि तो बाईंच्या नारळाचा म्हणून गिळवेना. डोळे मोठे करून ते कधी माझ्याकडे, कधी बाईंकडे बघत उभे राहिले. शेवटी तांब्याभर पाणी पिऊन कसंबसं गिळलं.

मला वाटलं, आता बाई आकाशपाताळ एक करतील. पण त्यांच्या तोंडून एवढंच आलं, "राजी कुठंय?"

राजेश्वरी कॉलेजात होती. बाईंनी फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. मग मला म्हणाल्या, "तू लाव, तुझा लागतोय का बघ." माझाही लागेना. मी म्हटलं, "बाई, सुलटाच फोडलाय. वर घर सुखाचं होऊ दे म्हणाला तो. लागणार नाही काही."

"तुला काय ठावं? बोल माझा हाय. आत काय भरलंय ते मला म्हाईत हाय."

त्या अनवाणी डांबरी रस्त्यापर्यंत गेल्या. मी मागे, माझ्यामागे हे. एसटी यायला अवकाश होता. बाई मैलाच्या दगडावर बसून राशीनच्या दिशेने हात जोडत होत्या आणि पुटपुटत होत्या, "आये, मी नुसतं भ्या दावत व्हते गं. तुला म्हाईत न्हवतं का? माझं लेकरू हाय ते." हे माझ्यापासून हाताच्या अंतरावर उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं. त्यांच्या कानी ते गेलेलं मला नको होतं. एवढी वर्षं जे झाकून ठेवलं होतं, ते या बाईने उघड्या रस्त्यावर, ज्याच्यापासून झाकायचं त्याच्यासमोरच सांगून टाकलं.

एसटी आली. राजेश्वरी भेळेचा कागद चाटत उतरली. "सगळे इथं का? कोण गेलं?"

बाईंनी आधी तिच्या पाठीत एक धपाटा घातला. "फोन कशाला दिलाय तुला?" "चार्जिंग संपलं!" मग तिथेच रस्त्यावर कडाकडा बोटं मोडली, घरी आणून मीठ-मोहरीने दृष्ट काढली. घडलेलं सगळं ऐकून राजेश्वरी हसावं की घाबरावं अशा तोंडाने म्हणाली, "म्हणजे आपण सगळ्यांनी मिळून तो खाऊन टाकला?"

 पुरणपोळ्या तशाच झाल्या, छान झाल्या.

पण माझ्या मनात वेगळंच चाललं होतं. आखणीचा चुना मी बघितला होता. पायाच्या रेघा जुन्याच नकाशाप्रमाणे होत्या. हॉलच होता, खोली नव्हती. "काढू की" म्हणालेले हे अजून काही काढायला गेले नव्हते. त्यांच्यावर जो काही दाब होता तो त्या नारळाचा, आणि तो आता सगळ्यांच्या पोटात. वर त्यांना हेही कळलं होतं की बाईंनी तो कधीच फोडला नसता. मी यांना विचारणार होते. विचारलं नाही. माझ्याकडे ठेवलेली वस्तू मीच घालवली होती, मी कोणत्या तोंडाने विचारणार?

सकाळी वाल्मिक आला. हे चहाची बशी तशीच ठेवून उठले, पायाच्या खड्ड्यापाशी गेले. बाई गोठ्यातून धार काढून येत होत्या. यांनी त्यांच्याकडे न बघता विचारलं, "वयनी, दार कुठं पायजे?"

"कशाचं?"

"तुमच्या खोलीचं."

बाईंनी चरवी खाली ठेवली. "व्हतं तिथंच. उगवतीला."

वाल्मिकने हॉलमध्ये पायाने चुना फिसकटला आणि नवी रेघ मारली. हॉल लहान झाला. हे घरात येऊन निवलेला चहा प्यायले. त्यांना काय झालं? लाज वाटली? रस्त्यावरचं ऐकून मन हललं? की गिळलेल्या खोबऱ्याची धास्ती? मी जेवताना आडून विचारलं तर म्हणाले, "हॉल एवढा मोठा कशाला पायजे?" एवढंच.

मला वाटलं, चला, सुटलं. देवीने सगळं आपल्या हाताने केलं, आपण नुसते फडकी धुणारे. त्या संध्याकाळी मी देवीला दोन वाती जास्त लावल्या.

बाजारच्या दिवशी बाई पिशवी घेऊन आल्या. पिशवीतून कांदे, मिश्रीची डबी आणि एक नारळ निघाला. चांगला वजनदार, शेंडीचा. तो त्यांनी माझ्या खोलीतल्या फळीवर ठेवला.

"बाई, हा कशाला?"

"चटनीला आनलाय गं."

"मग फोडू?"

"आज नगं. उद्या बघू."

त्याला बरेच दिवस झाले. खोलीच्या भिंती खिडकीच्या उंचीला आल्या. ग्रामपंचायतीत नाव लागायचं अजून बाकी आहे, हे म्हणतात, लावू की. चटणी मी शेंगदाण्याची करते आहे. धुतलेलं लाल फडकं घडी करून त्याच फळीवर होतं, आज सकाळी बघितलं तर तिथे नव्हतं. नारळ उघडाच आहे. फडकं कुठे गेलं ते मी बाईंना विचारलेलं नाही. विचारावं की नाही तेच ठरत नाहीये.